कोरडा शर्ट

काशीच्या मुन्शी घाटावर गोलपोस्ट नदीकडे असायचा. दोन विटा ठेवायच्या, मध्ये गोलकीने उभं राहायचं, आणि त्याच्या पाठीमागे चार पायऱ्यांवर गंगा. दुसरीकडे गोल मांडायची सोयच नव्हती, तिकडे दरभंग्याच्या महालाची भिंत. नियम साधा होता : ज्याच्या हातून चेंडू सुटेल, त्यानेच पाण्यात उतरून तो आणायचा. गोलकी मीच असायचो. बंगाली टोल्यातली पोरं चपळ होती, पाय त्यांचे चालायचे. मला उंची होती आणि हात लांब होते.

संध्याकाळी घरी गेलो की आजी आधी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघायची. ओली असेल तर काही न बोलता पंचा पुढे करायची. नसेल तर म्हणायची, "आज कोरडा आलास रे!" फुटबॉलमधलं तिला एवढंच कळत होतं. पुढे मी या खेळाबद्दल पुष्कळ वाचलं, पण गोलकीच्या कामाची याहून नेमकी नोंद मला कुठे सापडली नाही. गोल मारणाऱ्याचं नाव लिहिलं जातं, मिनिटासकट. अडवलेल्या चेंडूला मिनिट नसतं. जे घडू दिलं नाही त्याचा इतिहास कोण लिहिणार?

तो घाट आमच्याच माणसाने बांधलेला, हे आजोबा अभिमानाने सांगत. नागपूरचे श्रीधर नारायण मुन्शी यांनी १९१२ साली चुनारच्या दगडात तो उभा केला. तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी तो विकत घेऊन वाढवला. लगतच्या भागाला दरभंगा घाट नाव पडलं, तरी एवढ्या पायऱ्यांवर मुन्शींचं नाव राहिलं. १९१२ हे साल माझ्या डोक्यात आणखी एका कारणासाठी पक्कं बसलं आहे. त्याच वर्षी फुटबॉलचा नियम बदलला. तोवर गोलरक्षक आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडूला हात लावू शकत असे. १९१२ पासून त्याला पेनल्टी एरियात कोंडलं गेलं. त्याच्या तीन वर्षं आधी त्याचा शर्टही इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा असावा असं ठरलं होतं. म्हणजे संघात असून तो वेगळा, आणि मैदान एवढं मोठं असून त्याचा चौकोन तेवढाच. आज आपण गोलकी म्हणून ज्याला ओळखतो, तो या तीन-चार वर्षांत घडला.

फुटबॉलचं हे सगळं मला सांगितलं ते गल्लीतल्या एका निवृत्त बंगाली मास्तरांनी. आम्ही त्यांना मास्टरमोशाय म्हणायचो. तरुणपणी कलकत्त्यात ते स्वतः गोलमध्ये उभे राहिलेले. हिवाळ्यात नदी आटली की ते आम्हाला नावेने पलीकडच्या रेतीवर न्यायचे, कारण दगडावर झेप शिकवता येत नाही. एकदा समोरून येणाऱ्या पोराच्या पायांत मी डोकं पुढे घालून झेपावलो. त्याचा गुडघा हनुवटीवर बसला. तीन टाके पडले, खूण अजून आहे. त्या दिवशी नावेत मास्टरमोशाय बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जॉन थॉमसनची गोष्ट सांगितली.

थॉमसन स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातला, कोळसा खाणीच्या गावचा. १९०९ चा जन्म, म्हणजे गोलकीला वेगळा शर्ट मिळाला त्याच वर्षीचा. चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने १९२६ मध्ये अवघ्या १० पौंडांत त्याला घेतलं आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो पहिल्या संघात उभा राहिला. अंगाने सडपातळ, पण झेप मांजरासारखी आणि धास्ती म्हणून नाही. १९३० मध्ये एअरड्रीविरुद्ध असाच कोणाच्या तरी पायांत झेपावला, तेव्हा जबडा, बरगड्या आणि खांद्याचं हाड मोडलं, दोन दात गेले. आईने हा खेळ सोड म्हणून विनवलं. तो पुन्हा उभा राहिला. स्कॉटलंडकडून तो चार सामने खेळला आणि त्या चारांत मिळून त्याच्यावर एकच गोल झाला.

५ सप्टेंबर १९३१. रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिक आणि रेंजर्स, म्हणजे ग्लासगोतलं हाडवैर. सुमारे ८० हजार लोक. उत्तरार्ध सुरू होऊन काही मिनिटं झाली होती. रेंजर्सचा सॅम इंग्लिश एकटा चेंडू घेऊन आत शिरला आणि थॉमसन त्याच्या पायांत झेपावला. चेंडू अडला. इंग्लिशचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. स्टॅंडमधले काही रेंजर्सवाले ओरडू लागले, तेव्हा त्यांचाच कप्तान डेव्ही माइकलजॉन हात वर करून त्यांच्याकडे गेला आणि त्यांना गप्प केलं. रात्री साडेनऊच्या सुमारास थॉमसन इस्पितळात वारला. वय बावीस. सामना शून्य-शून्य सुटला होता. त्याच्या हातून शेवटचा चेंडूही सुटला नव्हता.

इंग्लिशचा दोष नव्हता, चौकशीतही तेच निघालं, पण पुढची वर्षं प्रेक्षकांनी त्याला सुखाने खेळू दिलं नाही. मला या गोष्टीत त्याचंही तितकंच वाईट वाटतं. माझ्या हनुवटीवर गुडघा बसलेला पोरगा महिनाभर घाटावर फिरकला नव्हता.

थॉमसनच्या अंत्यविधीला त्या छोट्या खाणगावात ३० हजारांहून अधिक माणसं जमली. मंदीचे दिवस, गिरण्या-गोद्या बंद, रेल्वेच्या तिकिटाला पैसे नाहीत. ग्लासगोहून कितीतरी माणसं ५५ मैल चालत आली, वाटेत टेकड्यांवर उघड्यावर झोपली. आजोबांनी हे ऐकून एवढंच विचारलं, "वारीच की ही?" आणि खरंच, दुसरा शब्द मलाही सुचत नाही.

मास्टरमोशायांचा आणि माझा वाद मात्र जिवंत माणसांवरून चालायचा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताचा कप्तान भास्कर गांगुली, म्हणजे गोलकी आणि वर बंगाली. मास्तरांची मान ताठ. माझ्या आजीचं माहेर गोव्यातलं, त्यामुळे माझा माणूस ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर क्लबच्या गोलमध्ये उभा राहणारा. खाणमालकांनी क्लब काढायचे आणि खाणीच्या पैशावर फुटबॉल चालायचा, हा गोव्याचा रिवाज. थॉमसनची खाण आणि शंखवाळकरची खाण यांत अंतर असलं तरी मला ते दोघे नेहमी शेजारी उभे दिसतात. १९८२-८३ ची संतोष ट्रॉफी कलकत्त्यात झाली. अंतिम फेरीत बंगाल आणि गोवा यांच्यात गोलच होईना, शेवटी चषक दोघांत वाटून दिला. आमच्या गल्लीतही तो वाटूनच घ्यावा लागला.

पुढच्या हंगामात मद्रासला गोव्याने तो एकट्याने जिंकला. अंतिम सामन्यात पंजाबवर १-०. कप्तान शंखवाळकर. आणि संबंध स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. गोवा तेव्हा राज्यसुद्धा नव्हतं, दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. कलकत्त्याचं वर्तमानपत्र मास्तरांकडे एक दिवस उशिरा यायचं. ते घेऊन ते स्वतः आमच्या दारात आले, घडी उलगडून बातमीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तोमार गोलकी." वाद हरल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर नव्हतं. एका गोलकीला दुसऱ्याने दिलेली ती दाद होती.

मी आत जाऊन आजीला सांगितलं. सगळ्या स्पर्धेत एकदाही नाही, एकदाही त्याच्या हातून सुटला नाही. आजी तांदूळ निवडत होती. तिने क्षणभर हात थांबवला. "म्हणजे पोर रोज कोरडा घरी गेला," ती म्हणाली.

शंखवाळकर भारताचा कप्तान म्हणूनही उभा राहिला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, खेळणं संपल्यावर. पद्मश्री २०२२ मध्ये. गोलकीला उशिराच बघतात, याची मला आता सवय झाली आहे, पण राग गेलेला नाही.

गेल्या माघात काशीला गेलो होतो. आमचं भाड्याचं घर राहिलं नाही, मास्टरमोशाय केव्हाच गेले. मुन्शी घाटावर पोरं क्रिकेट खेळत होती. एका कोपऱ्यात मात्र चौघं-पाचजण चेंडूला लाथा मारत होते, आणि एक मुलगा दोन विटांमध्ये, पाठ नदीकडे करून उभा होता. मी पायरीवर अर्धा तास बसलो. मल्लाहाच्या एका पोराने जोरात मारलेला चेंडू त्याने पोटाशी धरला आणि तसाच दगडावर बसला. उठल्यावर त्याने आधी चेंडू टाकला, मग शर्ट झटकला. धूळ उडाली.