निगेटिव्ह नसलेला फोटो

माझे वडील मिनिट कॅमेरा चालवायचे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर त्यांची लाकडी पेटी तिपाईवर उभी असायची, मागून काळ्या कापडाची बाही लोंबायची. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की भिंगावरचं झाकण काढायचं, ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं, झाकण परत लावायचं. पुढचं काम बाहीतून हात घालून, बोटांच्या अंदाजाने. पेटीतच दोन ट्रे: एकात डेव्हलपर, एकात फोटो पक्का करायला हायपो. आधी निघायचा तो कागदाचाच निगेटिव्ह, पांढरी दाढी काळी झालेला. तो भिंगासमोरच्या फळीवर लावून त्याचाच पुन्हा फोटो काढायचा, तेव्हा दाढी पांढरी व्हायची. मग बादलीत धुऊन ओला फोटो हातात. ‘मिनिट’ नावापुरतंच, पाव तास सहज जायचा. निगेटिव्हचा कागद वडील बादलीशेजारी टाकून द्यायचे.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर आमची खरी परीक्षा. लोक जनावरासकट फोटो मागत. तीन आकडे होईपर्यंत घोडं मान हलवायचं आणि फोटोत त्याला दोन तोंडं यायची. मालक म्हणायचा, “बापू, असं कामून झालं? माझं घोडं तर एकतोंडीच हाय की!”

फोटो लगेच हातात पडावा ही घाई काही आमच्याच मुलखाची नाही. अमेरिकेत 1943 साली एडविन लँड या शास्त्रज्ञाला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्या प्रश्नातून झालेला पहिला पोलरॉइड कॅमेरा, मॉडेल 95, बोस्टनच्या एका दुकानात 26 नोव्हेंबर 1948 रोजी विक्रीला आला. किंमत 89 डॉलर 75 सेंट, फोटो मिनिटाभरात. त्याच्या बरोबर सत्तर दिवस आधी, 17 सप्टेंबरला, मराठवाडा निजामी राजवटीतून सुटला होता. आमच्याकडे ते यंत्र यायला मात्र जवळपास चाळीस वर्षं लागली.

1987 साली इंग्लंडहून दर्शनाला आलेल्या एका शीख कुटुंबाने जाताना त्यांचा पोलरॉइड मला देऊन टाकला. 600 जातीच्या फिल्मवर चालणारा, प्लॅस्टिकचा, वर फ्लॅश. वडिलांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, “हायपो कुठंय ह्याच्यात?”

हायपोची गरजच नव्हती. 1972 सालच्या एसएक्स-70 या घडीच्या कॅमेऱ्यापासून सगळी रसायनं फोटोच्याच पांढऱ्या चौकटीत, खालच्या रुंद पट्टीत भरलेली असत. बटण दाबलं की मोटर फोटो बाहेर ढकलते. वाटेत दोन रूळ ती पुडी फोडून रसायन थरांमध्ये पसरवतात आणि एक गडद आवरण उजेडापासून चित्र राखतं. म्हणजे वडिलांची काळी बाही त्या कागदातच शिवलेली. सेलही कॅमेऱ्यात नाही, तो फिल्मच्या पाकिटात. पाकिटात फोटो दहा. लोक फोटो हलवून वाळवायचे. त्याची काही गरज नसायची.

नांदेडात फिल्म मिळायची नाही. हैदराबादला जाणाऱ्याच्या हातापाया पडून मागवायची, ती पुष्कळदा मुदत संपलेली निघायची. मे महिन्यात तापलेल्या फिल्मवर नवरीची हळद तांबूस दिसायची. म्हणून हा कॅमेरा मी लग्नात हौसेपुरता काढायचो. पाहुण्यांना गंमत वाटायची. निगेटिव्हची आठवण कोणालाच यायची नाही, मलाही नाही.

ती आली 1993 मध्ये. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती; 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. माझ्या दाजींचा स्टुडिओ लातूरला गंजगोलाईत होता. मदतीला मी तिथे गेलो. लोक गेलेल्या माणसाचा भिंतीवर लावायला फोटो मागायला येत. दाजी जुन्या वह्या उघडत, लग्नाची तारीख शोधत, पाकिटातून निगेटिव्ह काढत आणि नवा फोटो करून देत. एक शेतकरी बहिणीचं लग्न सांगत आला. ते लग्न मी काढलं होतं, पोलरॉइडवर. तिचा एकुलता एक फोटो घरात होता आणि घर ढिगाऱ्याखाली. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

वडील फेकून द्यायचे ते कागद त्या दिवशी मला आठवले.

फेब्रुवारी 2008 मध्ये पोलरॉइडने फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडात लाखो भाविक आले. तेव्हा गुरुद्वाऱ्याबाहेरची पोरं डिजिटल कॅमेरा आणि छोटा प्रिंटर घेऊन उभी होती. पुढे नेदरलँड्समधल्या एन्सखेडेच्या जुन्या कारखान्यात काही हौशी लोकांनी 2010 मध्ये फिल्म पुन्हा सुरू केली. आता पाकिटात फोटो आठ. आणि आमच्याकडच्या लग्नांत हल्ली फुजीचा इन्स्टॅक्स दिसतो: क्रेडिट कार्डाएवढा फोटो, निगेटिव्ह त्यालाही नाही.

तेव्हा घरात असा फोटो असेल तर त्याची पांढरी चौकट कापू नका, उन्हात लावू नका. आणि आजच मोबाइलवर नीट उजेडात त्याची एक प्रत काढून दुसऱ्या घरी, बहिणीकडे, भावाकडे पाठवून ठेवा.