‘साठी बुद्धी नाठी’ खरी की खोटी?

आजोबा नातवाचे नाव विसरले की घरचे म्हणतात, “वय झालं आता.” भद्रावतीत काय, चंद्रपुरात काय, हेच ऐकू येते. पण स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा म्हातारपणाचा अटळ भाग नाही. तो आजार आहे. हे पटवून देण्यात डॉक्टरांइतकाच आकडेमोडीचाही वाटा आहे.

सुरुवात हृदयापासून झाली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांच्या तब्येतीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यातून ‘जोखीम घटक’ ही कल्पना रुजली. २००६ साली फिनलंडच्या संशोधकांनी तीच पद्धत मेंदूला लावली. मध्यमवयातला रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, शिक्षण आणि व्यायाम यांचे गुण मांडून वीस वर्षांनंतरचा धोका वर्तवला. पुढे याच गुणांवरून निवडलेल्या १,२६० ज्येष्ठांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष असा कार्यक्रम दिला. फक्त सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची बुद्धी अधिक सुधारल्याचे २०१५ मध्ये दिसले.

भारतात घरोघरी जाऊन निदान करणे अशक्यच. म्हणून काही ज्येष्ठांची सविस्तर तपासणी करून तज्ज्ञांनी निदान केले, त्यावरून गणिती प्रारूप बांधले आणि ते मोठ्या पाहणीतील इतरांना लावले. ही मोठी पाहणी करण्यात मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेचा मुख्य सहभाग होता. २०२३ साली अंदाज आला: साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. प्रमाण स्त्रियांत आणि खेड्यांत जास्त.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ गटाने २०१७ मध्ये टाळता येण्याजोगे ९ घटक सांगितले होते, २०२४ मध्ये ते १४ झाले. हे सगळे घटक समाजातून नाहीसे झाले, तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा आजार लांबेल, असे त्यांचे गणित सांगते. हा हिशेब समाजाचा आहे, एकट्या माणसाचा नव्हे. सगळी काळजी घेऊनही एखाद्याला हा आजार होतो. त्यात त्याचा किंवा घरच्यांचा दोष नसतो.

त्या यादीत बहिरेपण वरच्या क्रमांकावर आहे. खाणीत किंवा कारखान्यात यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेल्यांनी कान तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर मोजावी, तंबाखू सोडावी, रोज चालावे, चारचौघांत बसावे. आणि आजोबा वारंवार विसरू लागले, तर वयावर ढकलू नका. डॉक्टरांकडे घेऊन या.