व्हेनिसमधले भारताचे दालन

युरोपच्या सहलीत व्हेनिसला आपल्यापैकी बरेच जण जातात. मात्र याच शहरात दर दोन वर्षांनी समकालीन कलेचे जगातले एक मोठे प्रदर्शन भरते आणि तिथे देशोदेशींची स्वतंत्र दालने असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी त्याची ही थोडक्यात माहिती.

व्हेनिस बिएनाले १८९५ साली सुरू झाले. मुख्य प्रदर्शन आयोजकांनी नेमलेला क्युरेटर मांडतो, तर राष्ट्रीय दालनात काय मांडायचे ते ज्याचा त्याचा देश ठरवतो आणि खर्चही त्यानेच करायचा असतो. उत्तम दालनाला 'गोल्डन लायन' पुरस्कार मिळतो. जार्दिनी या बागेत पहिली स्वतंत्र वास्तू बांधली ती बेल्जियमने, १९०७ साली. पुढे ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका असे देश आले आणि बाग भरत गेली. १९९५ मध्ये दक्षिण कोरियाला जागा मिळाली, त्यानंतर तीस वर्षांनी, २०२५ मध्ये, कतारच्या कायमच्या दालनाची घोषणा झाली. बाकीचे बहुतेक देश आर्सेनाले या जुन्या जहाजबांधणीच्या गोदीत किंवा शहरातल्या वाड्यांमध्ये तात्पुरती जागा घेतात. भारताचे बिऱ्हाडही असेच भाड्याच्या जागेतले!

भारताचे पहिले अधिकृत राष्ट्रीय दालन म्हणून ज्याची नोंद होते ते २०११ साली ललित कला अकादमीने आर्सेनालेत उभारले. क्युरेटर होते मुंबईचे कवी व कलासमीक्षक रणजित होस्कोटे. त्यांनी निवडलेल्या कलावंतांत झरीना हाश्मी होत्या. त्यांचा जन्म अलीगढचा, पण अनेक वर्षे वास्तव्य न्यूयॉर्कला. प्रणीत सोई हे ॲमस्टरडॅम आणि कोलकाता अशा दोन्हीकडे राहणारे. देशाच्या नावाने दालन उभे राहिले तेव्हा त्यात देशाबाहेर राहणाऱ्यांनाही स्थान होते, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

त्यानंतर २०१३, २०१५ आणि २०१७ ही तीन प्रदर्शने भारताच्या अधिकृत दालनाविना गेली. २०१५ मध्ये एका खाजगी प्रतिष्ठानाने मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांचे काम एकत्र मांडले, पण ते राष्ट्रीय दालन नव्हते.

२०१९ मध्ये, गांधीजींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने, भारत परत आला. क्युरेटर होत्या रुबिना करोडे. नंदलाल बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी केलेली चित्रे तिथे होती. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते मांडली. जी. आर. इरण्णा यांनी भिंतभर पादुका लावल्या आणि त्या कामाचे नाव ठेवले 'नावू', म्हणजे कन्नडमध्ये 'आपण'. मुंबईच्या जितिश कल्लाट यांनी धुक्याच्या पडद्यावर गांधीजींनी १९३९ मध्ये हिटलरला लिहिलेले पत्र प्रकाशाने उमटवले. त्या अक्षरांमधून चालत पलीकडे जाता येत असे.

याच दालनात एम. एफ. हुसेन यांचेही चित्र होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन अखेरच्या वर्षांत देशाबाहेर राहिले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. पासपोर्ट बदलला, तरी आठ वर्षांनी ते भारताच्याच दालनात होते. आपल्यापैकी ज्यांनी नागरिकत्व बदलताना मनाशी बराच झगडा केला, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

२०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा खंड पडला. २०२६ च्या बिएनालेसाठी भारताने दालन जाहीर केले आणि विषय निवडला तो अंतराचा आणि घराच्या आठवणीचा. हा तर आपल्या घराघरातला विषय! दालन नियमित उभे राहावे, असे आम्हाला मनापासून वाटते. परदेशात वाढणाऱ्या मुलांना भारत म्हणजे केवळ ताजमहाल नव्हे, हे दाखवायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रदर्शन साधारण वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत असते आणि बहुतेक सोमवारी बंद. जार्दिनी व आर्सेनालेला तिकीट लागते, शहरात विखुरलेली बरीच दालने मात्र विनामूल्य असतात. चालणे भरपूर, तेव्हा बूट चांगले घाला आणि दोन दिवस हाताशी ठेवा.