मुलांसमोरचा पडदा : नियम काय, तक्रार कोठे?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील अनेक कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. आई-वडील दोघेही नोकरीवर असलेल्या घरांत शाळा सुटल्यानंतरचे काही तास मुलांच्या सोबतीला दूरचित्रवाणी किंवा मोबाइलच असतो. या पडद्यावर मुलांनी काय पाहावे आणि त्यावर अंकुश कोणी ठेवावा, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे.

एका याचिकेचा परिणाम
मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी केबलवर दाखविल्या जाणाऱ्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यावर डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने असे चित्रपट केबलवर दाखविण्यास मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी केबलचालकांच्या सामग्रीवर टाच आणली आणि मुंबईत काही वाहिन्या बंद पडल्या. सर्वांना पाहण्यायोग्य असे सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट केबलवर दाखवू नये, अशी तरतूद त्याच महिन्यात केबल नियमांत आली. २००७ मध्ये केंद्र सरकारने एएक्सएन आणि एफटीव्ही या वाहिन्यांवर प्रत्येकी दोन महिन्यांची बंदी घातली. मुलांच्या नावाखाली प्रौढांच्या निवडीवर गदा येते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. मनोरंजन वाहिन्यांनी पुढे २०११ मध्ये स्वनियमनासाठी तक्रार परिषद स्थापन केली.

तक्रार कशी करावी?
जून २०२१ च्या केबल नियमांनुसार पहिली तक्रार संबंधित वाहिनीकडे करावयाची असते. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय कळविणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे दाद मागता येते. त्यानंतरचा टप्पा केंद्र सरकारचा. कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, दिनांक आणि वेळ नोंदवून ठेवल्यास तक्रार टिकते.

केबल कायद्यानुसार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत चाकणही येते. त्यामुळे स्थानिक केबलवरील आक्षेपार्ह प्रक्षेपणाबाबत गृहनिर्माण संस्था किंवा पालक-शिक्षक संघ तेथे निवेदन देऊ शकतात. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण हा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. त्याची तक्रार थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करावी. संकटातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

मोबाइलवरचे मनोरंजन
इंटरनेटवरील चित्रपट व मालिकांसाठी फेब्रुवारी २०२१ च्या नियमावलीत ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे वयोगट ठरविण्यात आले. १३ वर्षांवरील आणि त्यापुढील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय असावी, असेही त्यात म्हटले आहे. २०२३ मधील दुरुस्तीने चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठीही हेच तीन गट आले. ही सोय पालकांनी स्वतः सुरू करून सांकेतिक क्रमांक मुलांपासून दूर ठेवला, तरच तिचा उपयोग.

गावाने घेतलेला निर्णय
सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये ग्रामस्थांनी वेगळा मार्ग निवडला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे ठरले. बंदी मुलांपुरती न ठेवता मोठ्यांनीही ती पाळायची होती. पाळ्यांमध्ये विभागलेल्या औद्योगिक वसाहतीत सर्वांसाठी एकच वेळ ठरविणे अवघड असले, तरी एखाद्या इमारतीला किंवा सोसायटीला आपल्यापुरती वेळ ठरविता येईल.