गुडघ्यांचा हिशेब

आज बोलायचं आहे गुडघ्यांविषयी आणि खुब्यांविषयी. "वय झालं, आता दुखायचंच," असं म्हणून आपण ज्या दुखण्याला गप्प करतो, त्यालाही इतिहास आहे.

हे दुखणं फार जुनं. चरकसंहितेत त्याला संधिगत वात म्हटलं आहे. हवा भरलेल्या पिशवीसारखी सूज, आणि सांधा वाकवताना, सरळ करताना वेदना, असं त्याचं वर्णन आहे. पण या दुखण्यानं बाईचं कोणतं काम अडतं, हे विचारायला फार वर्षं लागली.

आपल्या आज्यांचा दिवस जमिनीवर जायचा. जातं, उखळ, पाटा-वरवंटा, चूल, सारवण, सगळं बसून नाही तर वाकून. गिरणी आली, जातं सुटलं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस आला, चुलीपुढचं बसणं कमी झालं. पण शेतातलं बसणं कुठं सुटलं? 1998 मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. आपल्या शिवारात सोयाबीन वाढलं, आणि त्याचं निंदण आपल्याच वाट्याला आलं. उकिडवं बसून, एकेक पाऊल सरकत, तासामागून तास. सोंगणीलाही तेच.

दुखणं एका दिवसात येत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते वर्षानुवर्षं झिजतं. हाडाला कंगोरे येतात, सांध्याला सूज येते. आधी पंगतीतून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. मग ओट्याच्या पायऱ्या उतरताना कळ येते. मग उकिडवं बसणं जातं, निंदणाची मजुरी जाते. पुढे बाजाराला चालत जाणं सुटतं, आणि शेवटी रात्री झोपेतही ठणका लागतो. खुबा झिजला तर दुखणं जांघेत येतं. कधी कधी ते गुडघ्यातच जाणवतं, म्हणून ओळखू येत नाही. पायाची नखं कापणं, पाय धुणं, एसटीची पायरी चढणं अवघड होतं.

एक गोष्ट तर आपण एकमेकींजवळही बोलत नाही. 2014 पासून स्वच्छ भारत अभियानात घरोघर शौचालयं झाली. फार मोठी सोय झाली, पण भांडं जमिनीतलं. गुडघा न वाकणाऱ्या बाईला रोजची तीच मोठी परीक्षा. म्हणून काही जणी पाणीच कमी पितात. त्यानं दुसरंच दुखणं मागं लागतं.

हे त्रास मोजायला 1982 च्या सुमारास कॅनडात एक प्रश्नावली तयार झाली. जिने चढता येतात का, मोजे घालता येतात का, मोटारीत बसता येतं का, असे त्यात प्रश्न होते. आता मोजे आणि मोटार आपल्या कुठल्या कामाची? पुण्याच्या डॉक्टरांनी ती आपल्या राहणीप्रमाणे बदलून घेतली.

त्याच पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी 1996 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला गेले. दवाखान्यात कोण येतं याची वाट न बघता घरोघरी जाऊन विचारलं. चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांची नोंद झाली. शंभरात साधारण अठरा जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं, आणि शंभरात सुमारे सहा जणांना सांध्यांची झीज. दुखणाऱ्यांमध्ये बायका जास्त होत्या. खेड्यातली माणसं काटक, त्यांना कुठला संधिवात, हा समज त्या नोंदीपुढे टिकला नाही. विचारलं, म्हणून कळलं.

उपायांचाही इतिहास आहे. 1962 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी खुब्याचा टिकाऊ कृत्रिम सांधा बसवला. पुढे गुडघ्याचाही आला, पण आपल्यासारख्यांना किंमत झेपणारी नव्हती. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारनं दर बांधून दिले. जो सांधा सरासरी दीड लाखाच्या वर मिळायचा, त्याची कमाल किंमत कर सोडून 54,720 रुपये ठरली. मात्र हा दर फक्त सांध्याचा. डॉक्टर, खाट, औषधं यांचा खर्च वेगळा, म्हणून तो आधी विचारून घ्यावा.

ऑपरेशन मात्र शेवटचा उपाय. सगळ्यांना ते लागतही नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम रोज करावा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, सावकाश खाली घ्यायचा, मग दुसरा. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गुडघ्यावरचा भार हलका होतो. घरकामाला स्टूल घ्यावं, निंदणाला लांब दांड्याचं अवजार वापरून बघावं, शौचालयात भांड्यावर ठेवायची खुर्ची आणावी. दुखतं म्हणून चालणं सोडू नये, त्यानं सांधा जास्तच आखडतो. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनानं रोज खाऊ नयेत. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. सांधा लाल होऊन तापला, किंवा ताप आला, तर लगेच दवाखाना गाठावा.

आपण दर बैठकीत बचतीचा हिशेब लिहितो. पुढच्या बैठकीत वहीचं एक पान गुडघ्यांसाठी ठेवूया. कुणाला काय दुखतं एवढंच नको. कोणतं काम सुटलं, कधीपासून सुटलं, हे लिहूया. तेच पान डॉक्टरांना दाखवूया, घरच्यांनाही दाखवूया. नुसतं "दुखतं" म्हटलं तर कुणी ऐकत नाही. पण "दिवाळीपासून निंदणाला बसता येत नाही" म्हटलं, तर ऐकावंच लागतं.