नक्कल, प्रत आणि कॉपी

'कॉपी' हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला खरा, पण त्याचा मूळ अर्थ बहुधा वेशीबाहेरच ठेवला. इंग्रजी भाषकाला या शब्दाने कागदाची प्रत आठवते. मराठवाड्यातील दहावीच्या मुलाला परीक्षेचा वर्ग आठवतो. 'कॉपी केली', 'कॉपी पुरवली', 'कॉपीत सापडला' अशी त्याची रूपे आपण सहज वापरतो. हिंदीने याच कृत्यासाठी 'नकल' हा शब्द निवडला. आपल्याकडेही 'नक्कल' होता, पण तो दुसऱ्या कामात गुंतलेला होता. तहसीलात सातबाराची नक्कल मिळते, तिच्यावर सही आणि शिक्का असतो, आणि न्यायालय ती मानते. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या फारसी-उर्दूत दप्तर चालले, तेथे 'नक्कल' या शब्दाला अधिकाराचे वजन होते. गुन्ह्यासाठी तो वापरणे जिभेला जड गेले असावे. हा आमचा तर्क आहे, पण भाषा असे हिशेब ठेवत असते.

जुन्या मराठी वाङ्मयव्यवहारात तर प्रत करणे हे पुण्याचे काम होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे, कागद कसा सांभाळावा, येथपर्यंत त्यांचे लक्ष आहे. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला बजावले. म्हणजे पाहा, दोष उतरवण्यात नव्हता. पदरचे घालण्यात होता. परीक्षेच्या वर्गात याच्या नेमके उलट आहे. तेथे पदरचे न घालणारा दोषी ठरतो. (निदान कागदोपत्री. गाइडातील उत्तर पाठ करून शब्दशः लिहिणाऱ्याला आपली परीक्षापद्धती पैकीच्या पैकी गुण देते, आणि तेच गाइड मांडीवर सापडले तर त्याला उठवते. या दोघांत अंतर आहे ते स्मरणशक्तीचे, विचाराचे नव्हे.)

पेशवाईत पुण्याला श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. तेव्हा शास्त्री-वैदिकांची जी पारख होई, ती तोंडी. विद्या कंठात असेल तर बाहेर येणार, नसेल तर नाही. तेथे चिठ्ठी कोणाच्या उपयोगाची? कॉपीचा प्रश्न जन्मतो तो लेखी परीक्षेबरोबर, आणि ती आपल्याकडे आली मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकपासून. त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. लेखी परीक्षेने परीक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये कागद आणला आणि कागदामागे नोकरी उभी केली. त्यानंतर जे व्हायचे ते झाले.

चीनने हा अनुभव आपल्या कितीतरी आधी घेतला होता. तेथील राजसेवेची परीक्षा १९०५ साली बंद झाली, तोवर ती हजारांहून अधिक वर्षे चालली होती. सोंग राजवटीतच उत्तरपत्रिकेवरील नाव झाकण्याची पद्धत पडली. हस्ताक्षरावरून उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून कारकून प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढत आणि परीक्षकाच्या हाती ती नक्कल पडे. उमेदवार एकेकट्या कोठडीत बसत. तरीही अंगरख्याच्या अस्तरावर बारीक अक्षरात उतरवलेले ग्रंथ संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. शिक्षा सौम्य होती म्हणून हे चालले, असे म्हणता येत नाही. १८५८ च्या बीजिंगमधील परीक्षेत घोटाळा उघड झाल्यावर बोजुन या राज्यातील अत्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याचा शिरच्छेद करण्यात आला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी १८९३ चे प्रकरण लक्षात ठेवावे. लू शुनचे आजोबा चौ फूचिंग यांनी मुलासाठी आणि काही आप्तांसाठी परीक्षकाला लाच देऊ केली. ते पकडले गेले आणि कित्येक वर्षे तुरुंगात राहिले. लू शुन तेव्हा बारा वर्षांचा होता. घर खचले, वडील आजारी पडले, आणि या मुलाच्या नशिबी गहाणवटीच्या दुकानाच्या फेऱ्या आल्या. 'खुंग यीची' या १९१९ च्या कथेत परीक्षा कधीच पास न झालेला जो केविलवाणा पंडित आहे, त्याच्याकडे लेखक हसत हसत पाहतो असे वरवर वाटते. पण हा घरचा इतिहास ठाऊक असला की ते हसू घशात अडकते. आजोबांनी लाच स्वतःसाठी दिली नव्हती. परीक्षा एकटा देत असला तरी फळ कुळाचे होते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाने १८४२ साली दुसरी वाट धरली. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेवर आपल्या प्रतिष्ठेची शपथ लिहायची आणि पर्यवेक्षकाने निमूट राहायचे. शपथ मोडणाऱ्याला एकच शिक्षा, कायमची हकालपट्टी. ती २०२२ साली विद्यार्थ्यांनीच मतदान करून सौम्य केली. या व्यवस्थेचे गोडवे आपल्याकडेही गायले जातात. मात्र ती ज्यांच्यासाठी निघाली ते गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांचे मुलगे होते, हे सांगायचे राहून जाते. नापास झाल्याने त्यांची जमीन जाणार नव्हती. त्यांना गमावण्यासारखी होती ती आपल्या वर्गातील पत, आणि शपथेने तीच पणाला लावली.

आपल्याकडे शाळेत दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक गोखल्यांची: गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवले असताना शाबासकी मिळाली म्हणून रडणारा बाळ गोपाळ. ही आख्यायिका म्हणूनच घ्यावी. दुसरी गांधींनी स्वतः आत्मकथेत लिहिली आहे. राजकोटच्या शाळेत जाइल्स नावाचे तपासनीस आले, त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले; 'केटल' चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावले, शेजाऱ्याच्या पाटीवर पाहा म्हणून. मुलाच्या ते ध्यानातच आले नाही. ही गोष्ट आपण प्रामाणिक मुलाची म्हणून सांगतो. आम्हांला ती मास्तरांची वाटते. तपासनिसापुढे त्यांची शाळा उघडी पडणार होती. मुलाच्या पाटीवर परीक्षा त्यांची होती. त्यांच्याविषयीचा आपला आदर त्यामुळे कमी झाला नाही, असेही गांधींनी नोंदवले आहे. पाठ्यपुस्तकी कथनात हे वाक्य सहसा गळते.

राजकोटच्या त्या मास्तरांना लोहाऱ्यात कोणीही ओळखेल. धाराशिव जिल्ह्यातील हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचे होते, आणि मराठी मुलाला वरच्या इयत्तांत परक्या भाषेतून शिकावे लागे. न कळणाऱ्या भाषेत लिहायचे तर पाठ करणे भाग पडते आणि पाठ होईना की चिठ्ठी जवळची वाटते. आजही कॉपीचा मुक्काम इंग्रजी आणि गणिताच्या पेपरांना अधिक असतो, तो काही योगायोग नव्हे. याच तालुक्यातील हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते. तेथेच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. सरकारी नोकरीच्या वाटेला न लागणाऱ्या त्या शाळेत शिक्षणाचे माप वेगळे होते. ते माप टिकवणे पुढच्या काळाला परवडले नाही.

कारण पुढे दहावीचा दाखला हाच गावाबाहेर नेणारा रस्ता ठरला. कोरडवाहू शेती, वाटणीत तुकडे झालेली जमीन आणि जवळ उद्योग नाही. लातूर विभागीय मंडळाच्या हद्दीतील या भागात परीक्षा केंद्र म्हणजे गावाची इभ्रत असते. निकाल शाळेचा, अनुदान संस्थेचे, लग्न मुलीचे आणि भरती मुलाची. खिडकीशी उभा राहणारा चुलता आपण गुन्हा करतो आहोत असे मानत नाही; अडलेल्याला हात दिला असे मानतो. मार्च २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील शाळेच्या भिंतीवर चढलेल्या नातलगांचे छायाचित्र जगभर गेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी बिहारला नाके मुरडली. आम्हांला त्या भिंतीवर ओळखीचेच चेहरे दिसले.

कायदा होताच. महाराष्ट्राने १९८२ मध्येच परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध अधिनियम केला. भरारी पथके आणि बैठी पथके आली. उत्तर प्रदेशाने १९९२ मध्ये वटहुकूम काढून कॉपी अजामीनपात्र गुन्हा केली, पोरांना पोलिसांनी धरून नेले, आणि १९९३ च्या निवडणुकीत तो कायदा रद्द करण्याचे आश्वासन मते मिळवून गेले. शेजारच्या नांदेडात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली. तिने निकाल खाली आणला आणि बोलण्याचा सूर बदलला. कॉपी हा पोरांचा खोडकरपणा न राहता प्रशासनाचा प्रश्न झाला. त्याच नांदेडच्या विद्यापीठाला हिप्परग्याच्या त्या शिक्षकाचे नाव आहे.

पण दरम्यान कॉपीने जात बदलली होती. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतील घोटाळा बाहेर आला. पैसे देऊन पात्र ठरलेल्यांची संख्या साडेसात हजारांवर गेली. वर्गात पर्यवेक्षक म्हणून ज्यांनी उभे राहायचे, त्यांचीच ही परीक्षा होती. जून २०२४ मध्ये 'नीट'च्या प्रकरणाचे धागे लातूरपर्यंत आले आणि तेथील दोन शिक्षकांवर गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला केंद्राचा सार्वजनिक परीक्षांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर, संस्थांवर आणि अधिकाऱ्यांवर आहे. परीक्षार्थीला त्यातून वगळले आहे. चीनने २०१५ मध्ये राष्ट्रीय परीक्षांतील संघटित फसवणूक फौजदारी गुन्हा ठरवून सात वर्षांपर्यंत कैद ठेवली, तीही याच वळणाची. बुटाच्या टोकाने खुणावणारा मास्तर कायद्याच्या नजरेस पडायला एवढा काळ जावा लागला. आणि तोवर खुणेचा दर ठरला होता.