पायाची गोळी आणि नाकातला रोग

पोटरीला रक्त कमी पोचते म्हणून डॉक्टरांनी मला पेन्टॉक्सिफायलीनच्या गोळ्या दिल्या. नवेगावच्या बांधावर फिरायला गेलो की थोड्या थोड्या वेळाने थांबावे लागते. मग तलावाकडे बघत उभा राहतो. लोकांना वाटते, गुरुजी पक्षी बघताहेत! असो. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्त पातळ वाहू देते. नातवाने तिची माहिती काढून दिली, तर त्यात ब्राझीलमधला एक रोग निघाला. पायाच्या गोळीचा तिथे काय संबंध, म्हणून मी वाचत गेलो.

रोग लीशमानियासिस. वाळूमाशी चावते, परजीवी कातडीत शिरतो आणि तिथे जखम होते. आमच्या झाडीपट्टीत परजीवी म्हटले की हत्तीपाय आठवतो. हा रोग इकडचा नाही. बिकानेरकडे मात्र आहे. इंग्रजांच्या काळी त्याला दिल्लीचा फोड म्हणत, आणि १८८५ साली कलकत्त्यात कनिंगहॅम यांनी त्या फोडात हे सूक्ष्म जीव पाहिले. औषध सापडले ब्राझीलमध्ये. १९१२ साली गास्पार व्हियाना यांनी अँटिमनीचा क्षार टोचून रोगी बरे केले. अँटिमनी म्हणजे आपल्या जुन्या सुरम्यातला धातू. त्याच धातूपासून उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी काळ्या आजारावरचे औषध केले, तेही कलकत्त्यातच.

ब्राझीलमध्ये या रोगाची एक भयंकर तऱ्हा आहे. कातडीवरची जखम भरून येते, माणूस विसरतो, आणि कधी कधी काही वर्षांनी रोग नाकात उगवतो. नाकाचा पडदा झडतो. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की तिथे परजीवी अगदी थोडे सापडतात. नासधूस करते ती शरीराचीच चवताळलेली फौज. ही फौज टीएनएफ नावाचे द्रव्य सोडते, आणि आमची गोळी ते द्रव्य कमी करते, असे १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसले होते.

बाहिया प्रांतातल्या डॉक्टरांनी हे दोन धागे जोडले. अँटिमनीला दाद न देणाऱ्या दहा रुग्णांना त्यांनी जोडीला ही गोळी दिली. नऊ बरे झाले. ते २००१ साली छापून आले. २००७ साली २३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. गोळी घेतलेले सगळे एकाच फेरीत बरे झाले. नुसत्या अँटिमनीवरच्या बारांपैकी पाच जणांना दुसरी फेरी लागली.

मग साहजिकच वाटले, कातडीच्या जखमेलाही देऊन बघू. १६४ रुग्णांची मोठी चाचणी झाली, निकाल २०१७ साली आला. गोळी घेतलेल्यांत ४५ टक्के बरे, न घेतलेल्यांतही ४३ टक्के! एवढी मेहनत करून आलेला हा नकार त्यांनी झाकून न ठेवता छापला, याचे मला फार कौतुक वाटते.

ही हकीकत ऐकून एका नातलगाने विचारले, माझ्या खरजेवर ही गोळी चालेल का? अजिबात नाही. नाकाच्या त्या रोगात मात्र अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत अँटिमनीच्या जोडीला तिचे नाव आहे.